नागपुरातून समुद्रकाठी: कामासाठी छोटा किनारी देश कसा निवडावा

कोणी मिहानमधील कंपनीची नोकरी घरून करतो, कोणी धरमपेठेतल्या खोलीतून अमेरिकेतल्या ग्राहकाचे संकेतस्थळ सांभाळते, तर कोणी युरोपातल्या प्रकाशकासाठी चित्रे काढते. काम लॅपटॉपवर आणि इंटरनेटवर चालत असेल, तर काही महिने समुद्रकाठच्या एखाद्या छोट्या देशात राहून ते का करू नये, हा प्रश्न अशा मंडळींच्या मनात कधी ना कधी येतोच. अशा रीतीने देश बदलत काम करणाऱ्यांना डिजिटल नोमॅड म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा देणारे देश २०२० नंतर झपाट्याने वाढले. पहिल्यांदाच असा विचार करणाऱ्या, हाती भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि नागपुरातून निघणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे.

या निवडीत क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण किनाऱ्याच्या छायाचित्रापासून सुरुवात करतात, मग घरभाडे पाहतात, मग विमानाचे तिकीट, आणि व्हिसा व कर यांचा विचार अगदी शेवटी करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की हा क्रम उलटा धरावा. काम देणाऱ्याची परवानगी, घड्याळ, व्हिसा आणि कर या चार गाळण्यांमधून जे दोन-तीन देश खाली उरतील, त्यांच्याच किनाऱ्यांची तुलना करावी. असे केल्यास निवड लवकर होते आणि मन एखाद्या जागेत गुंतल्यावर माघार घेण्याची वेळ येत नाही.

पहिली पायरी: काम देणाऱ्याची लेखी परवानगी

नोकरदारांनी इतर काहीही पाहण्याआधी आपल्या कंपनीचे धोरण वाचावे. घरून काम करण्याची मुभा आणि परदेशातून काम करण्याची मुभा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अनेक कंपन्या ग्राहकाशी केलेल्या करारात, त्याची माहिती अमुक देशांतूनच हाताळली जाईल, असे बांधून घेतलेल्या असतात. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून दीर्घकाळ काम करू लागला, तर कंपनीचेच तेथे कायमस्वरूपी आस्थापन आहे असे मानून तो देश कंपनीकडे कर मागू शकतो, ही भीतीही मनुष्यबळ विभागाला असते. म्हणून व्यवस्थापकाच्या तोंडी होकारावर विसंबू नये. देशाचे नाव, कालावधी आणि लॉगिनची परवानगी स्पष्ट लिहिलेला ई-मेल घ्यावा. व्हिसाच्या अर्जाला बहुधा असेच पत्र जोडावे लागते, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

स्वतंत्र व्यावसायिकांना परवानगी मागावी लागत नाही, परंतु ग्राहकांबरोबरचे करार लेखी असणे त्यांच्यासाठी अधिक गरजेचे आहे. तोंडी व्यवहारावर चालणारे उत्पन्न कितीही चांगले असले, तरी व्हिसा अधिकाऱ्यापुढे ते सिद्ध करता येत नाही.

दुसरी पायरी: घड्याळ

ही पायरी छोटी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास रोज त्रास होतो. काम ज्या देशातील लोकांबरोबर चालते, त्यांची वेळ कागदावर लिहून तिच्याशी प्रत्येक देशाची वेळ ताडून पाहावी. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे, म्हणजे नागपुरातली सकाळी साडेनऊची बैठक तेथे आठ वाजता होते. ॲड्रियाटिक समुद्रावरील माँटेनेग्रो किंवा क्रोएशिया हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतात, त्यामुळे भारतीय कार्यालयाची सकाळी दहाची बैठक तेथे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला येते. कॅरिबियनमधील बार्बाडोस साडेनऊ तास मागे आहे आणि हीच बैठक तेथे मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला सुरू होईल.

मात्र ग्राहक न्यूयॉर्कचा असेल, तर सगळे गणित फिरते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची आणि बार्बाडोसची वेळ एकच असते. तेथील सकाळी नऊ म्हणजे माँटेनेग्रोत दुपारचे तीन, मॉरिशसमध्ये संध्याकाळचे पाच आणि नागपुरात साडेसहा. नागपुरात बसून रात्री एकपर्यंत जागणाऱ्या माणसाला माँटेनेग्रोमध्ये रात्रीच्या जेवणानंतर मोकळीक मिळू शकते. भारतीय कंपनीत काम करणाऱ्यांनी मात्र हिंदी महासागराच्या पलीकडे फार दूर पाहू नये, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: कोणता देश आपल्याला घेतो

इंग्रजी संकेतस्थळांवर ‘नोमॅडांसाठी दहा उत्तम देश’ अशा याद्या असतात, त्या बहुधा अमेरिकी किंवा युरोपीय पासपोर्ट गृहीत धरून लिहिलेल्या असतात. केप व्हर्द या अटलांटिक महासागरातील द्वीपदेशाने दूरस्थ कामासाठी योजना आणली, ती युरोप, उत्तर अमेरिका आणि पोर्तुगीज भाषक व पश्चिम आफ्रिकी गटांतील देशांच्या नागरिकांसाठी होती. काळ्या समुद्रावरील जॉर्जियाने २०२० मध्ये अशी योजना काढली, तीही ठरावीक देशांच्या यादीपुरती होती. म्हणून प्रत्येक देशाच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: भारतीय नागरिकाला हा परवाना मिळतो का? उत्तर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच शोधावे. अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी ते पान पुन्हा वाचावे.

एका गैरसमजाचा येथेच निकाल लावलेला बरा. बाल्टिक समुद्रावरील एस्टोनिया २०१४ पासून ई-रेसिडेन्सी देतो. तिच्यामुळे तेथे कंपनी नोंदवता येते आणि डिजिटल सही करता येते, पण त्या देशात राहण्याचा किंवा प्रवेशाचाही हक्क मिळत नाही. राहण्यासाठी एस्टोनियाचा वेगळा नोमॅड व्हिसा आहे आणि त्याची उत्पन्नाची अट बरीच वरची आहे.

आता जे देश भारतीयांनी खरोखर विचारात घ्यावेत, त्यांच्याकडे वळू. नवख्या माणसासाठी मी मॉरिशसला पहिल्या क्रमांकावर ठेवतो. या देशाने २०२० मध्ये प्रीमियम व्हिसा शुल्काविना सुरू केला. तो एक वर्षापर्यंतचा असतो, त्याचे नूतनीकरण होते आणि महिन्याला किमान १५०० अमेरिकी डॉलर उत्पन्नाची अट ठेवून तो आणला गेला, म्हणजे आपल्या रुपयांत सव्वा लाखाच्या पुढे. उत्पन्नाचा मुख्य स्रोत मॉरिशसबाहेर असावा, तेथील नोकरी किंवा धंदा करू नये, राहण्याची सोय, परतीचे तिकीट आणि विमा दाखवावा, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. सरकारी कामकाज इंग्रजीत चालते, लोकसंख्येतील मोठा भाग भारतीय वंशाचा आहे आणि त्यात कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही आहेत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. घरापासून पहिल्यांदाच दूर राहणाऱ्याला या गोष्टींचा आधार वाटतो.

युरोपात माल्टा हा सर्वांत लहान पर्याय. क्षेत्रफळ केवळ ३१६ चौरस किलोमीटर, इंग्रजी ही राजभाषांपैकी एक आणि शेंगेन क्षेत्राचे, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या व समाईक पर्यटक व्हिसा देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचे, सदस्यत्व. त्याच्या नोमॅड परवान्यासाठी २०२४ पासून वर्षाला ४२,००० युरो उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या आसपास. ज्यांचे उत्पन्न तेवढे आहे, त्यांनाच हा देश परवडतो. क्रोएशियाने २०२१ पासून नोमॅडांना तात्पुरता निवास देण्यास सुरुवात केली आणि अशा रहिवाशांच्या परदेशी कामाच्या उत्पन्नावर तेथे कर लागत नाही. देश लहान म्हणावा असा नाही, पण किनारा अतिशय लांब आहे. १ जानेवारी २०२३ पासून तो शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी त्याने युरोही स्वीकारला. त्याला लागून असलेला माँटेनेग्रो युरोपीय संघाचा सदस्य नसूनही युरो वापरतो, पण शेंगेनबाहेर आहे. शेंगेनमध्ये पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि माँटेनेग्रोत घालवलेले दिवस त्यात धरले जात नाहीत, ही गोष्ट पुढे फिरणाऱ्यांना उपयोगी पडते.

बार्बाडोसचा ‘वेलकम स्टॅम्प’ हा दूरस्थ कामाचा व्हिसा २०२० मध्ये आला. वर्षाला ५०,००० अमेरिकी डॉलर उत्पन्न आणि एका व्यक्तीसाठी २,००० अमेरिकी डॉलर शुल्क, अशा अटी त्यास होत्या. अमेरिकी ग्राहकांकडून भरपूर काम असणाऱ्यांनीच तो पाहावा.

पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काम करावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये. बहुतेक देशांचा पर्यटक व्हिसा कामाबद्दल एक तर स्पष्ट मनाई करतो किंवा मौन बाळगतो. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारल्यावर खोटे बोलावे लागेल अशी परिस्थिती स्वतःवर ओढवून घेऊ नये, कारण प्रवेश नाकारल्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात सांगावी लागते.

चौथी पायरी: कर आणि दिवसांची मोजणी

या पायरीवर घाई करू नये. देश सोडला म्हणजे भारतातील कर संपला, हा समज चुकीचा आहे. आपल्या प्राप्तिकर कायद्यात करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते आणि त्या वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस राहिलेली व्यक्ती कराच्या दृष्टीने रहिवासी ठरते. सामान्य रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते.

एक उदाहरण घेऊ. कोणी १ ऑक्टोबरला निघाला आणि पूर्ण एक वर्ष बाहेर राहून पुढच्या १ ऑक्टोबरला परतला. पहिल्या करवर्षात एप्रिल ते सप्टेंबर असे त्याचे भारतातले १८३ दिवस भरले. दुसऱ्या करवर्षात ऑक्टोबर ते मार्च असे १८२ दिवस भरले. अख्खे वर्ष परदेशात काढूनही तो दोन्ही वर्षी भारताचा रहिवासीच राहिला. हीच व्यक्ती एप्रिलच्या आरंभी निघून मार्चअखेर परतली असती, तर चित्र वेगळे असते. निघण्याचा महिना तिकिटाच्या दरावरून ठरवू नये, तो या मोजणीवरून ठरवावा.

याशिवाय ६० दिवसांचा एक नियम आहे. गेल्या चार वर्षांत भारतात ३६५ किंवा अधिक दिवस राहिलेली व्यक्ती चालू वर्षात ६० दिवस जरी भारतात राहिली, तरी रहिवासी ठरू शकते. परदेशातील नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या नागरिकाला यात सवलत आहे, पण भारतीय कंपनीचीच नोकरी स्वेच्छेने परदेशातून करणाऱ्याला ती मिळेल असे गृहीत धरता येत नाही. त्यात भर म्हणजे, भारतातील उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असलेला आणि दुसऱ्या कोणत्याही देशात करास पात्र नसलेला भारतीय नागरिक, बाहेर कितीही दिवस राहिला तरी रहिवासी मानला जाऊ शकतो. ही तरतूद २०२० च्या वित्त कायद्याने आली. अनिवासी ठरलात, तरी भारतातील खात्यात थेट मिळालेले उत्पन्न सामान्यतः येथे करपात्रच राहते.

मग नवख्याने काय करावे? माझा सल्ला असा, की पहिला मुक्काम सहा महिन्यांपेक्षा थोडा कमी ठेवावा आणि भारताचा रहिवासी राहूनच तो पूर्ण करावा. मॉरिशसचे करवर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते आणि तेथे एका वर्षात १८३ दिवस राहिल्यास माणूस रहिवासी ठरतो. तीन वर्षांत मिळून २७० दिवस झाले तरीही ठरतो. समजा तुम्ही मेच्या मध्यावर गेलात आणि ऑक्टोबरअखेर परतलात. भारतातील दिवस १८२ च्या वर राहतील, मॉरिशसमधील मुक्काम त्यांच्या दोन करवर्षांत विभागला जाईल आणि विवरणपत्र नेहमीप्रमाणे नागपुरातच भरता येईल. शिवाय नागपूरचा मेचा उत्तरार्ध टळेल आणि मॉरिशसचा कोरडा, थंड हंगाम पदरात पडेल, हा योग चांगला आहे.

भारताने मॉरिशस, माल्टा, क्रोएशिया आणि माँटेनेग्रो या देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केलेले आहेत. मुक्काम वर्षभराचा असेल, तर निघण्याआधी परदेशी उत्पन्नाचे काम करणाऱ्या सीएकडे एकदा जावे आणि आपली तारखांची योजना त्यांच्यासमोर ठेवावी. स्वतंत्र व्यावसायिकांनी त्याच भेटीत जीएसटी न भरता सेवा निर्यात करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या हमीपत्राबद्दलही विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: लहान देश म्हणजे काय, हे समजून घेणे

लहान देशाचे फायदे खरे आहेत. सरकारी कार्यालये जवळ असतात, राजधानीतून किनाऱ्यावर तासाभरात पोहोचता येते आणि थोड्याच दिवसांत ओळखी होतात. पण तेथे बऱ्याच गोष्टी एकेकच असतात: एक मोठा विमानतळ, एक वीज कंपनी, एक हंगाम. मोठ्या देशात एक वाट बंद झाली, तर दुसरी असते. तशी दुसरी वाट लहान देशात आहे का, हे आधी तपासावे लागते.

तुमचे पोट इंटरनेटवर असल्यामुळे तपास समुद्राखालील केबलपासून सुरू करावा. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगाजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. ज्या देशाला एकच केबल आहे, तो देश ज्याचे उत्पन्न रोजच्या व्हिडिओ बैठकांवर आहे अशा माणसासाठी नाही. मॉरिशसला सेफ, लायन आणि मेटिस अशा एकाहून अधिक केबल येतात. त्यांपैकी सेफ दक्षिण आफ्रिकेपासून मॉरिशसमार्गे आपल्या कोचीला आणि पुढे मलेशियाला जाते. केबलचे जागतिक नकाशे इंटरनेटवर मोफत पाहता येतात आणि आपल्या यादीतील प्रत्येक देश त्यावर दहा मिनिटांत तपासून होतो.

दुसरा तपास हंगामाचा. मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे असतो. तेथे इशाऱ्याच्या एक ते चार अशा श्रेणी असतात आणि वरच्या श्रेणी लागल्यावर सगळे व्यवहार थांबून लोक घरात राहतात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईमधील रस्ते पाण्याखाली गेले होते. कॅरिबियनमध्ये वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर असतो. माँटेनेग्रोत वादळाचा प्रश्न नाही, पण कोटोरच्या आखातावर हिवाळ्यात प्रचंड पाऊस पडतो. आखाताच्या वरच्या डोंगरातील त्सर्क्वित्से हे युरोपातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. डोंगराच्या कुशीतल्या कोटोर गावात हिवाळ्यातले ऊनही लवकर सरते. उन्हाळ्यातील छायाचित्रे पाहून जानेवारीचे भाडे भरू नये.

आपण विदर्भातली माणसे कोरड्या उन्हाची सवय असलेली. नागपुरात ४५ अंशांतही कूलर लावून झोप लागते, कारण हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन होते. किनाऱ्यावर हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, तेथे कूलरचा उपयोग नाही आणि ३० अंशही जड वाटतात. खारी, दमट हवा उपकरणांनाही सोसत नाही. समुद्रासमोरच्या खोलीत काही आठवडे उघड्यावर राहिलेल्या लॅपटॉपच्या यूएसबी खाचेच्या कडा तपकिरी पडू लागतात, कपाटातल्या चामडी बुटांवर पांढरट बुरशीचा थर येतो आणि टेबलावरचा कागद बोटाला ओलसर लागतो. लॅपटॉप रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावा, एक बाह्य हार्ड डिस्क वेगळ्या डब्यात ठेवावी आणि शक्य असेल, तर घर किनाऱ्यापासून थोडे आत घ्यावे.

सहावी पायरी: गाव आणि घर

देश ठरल्यावर गाव ठरवणे सोपे जाते, पण येथेही किनाऱ्याचा मोह आवरावा. मॉरिशसमध्ये उत्तरेकडील ग्रँड बे हे पर्यटकांचे गाव आहे आणि त्यामुळे महाग आहे. पश्चिमेकडचा फ्लिक-आं-फ्लाक व तामारांचा भाग कोरडा व शांत आहे. पूर्व किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. क्युरपिप उंचावर असल्यामुळे गार आणि पावसाळी आहे. आतल्या भागातील कात्र बोर्न आणि रोझ हिल ही गावे पोर्ट लुई ते क्युरपिप या मेट्रो मार्गावर आहेत, बाजार जवळ आहे आणि एबेन हे माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र शेजारीच आहे. एकट्याने जाणाऱ्याने पहिले दोन महिने येथे राहावे आणि शनिवार-रविवारी किनारे पालथे घालावेत, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. डाळ, तांदूळ, भाज्या सहज मिळतात. रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी ही वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी आहे आणि शाकाहारी माणसाला दुपारी ती पुरते.

ॲड्रियाटिक किनाऱ्यावर घरभाड्याचे गणित वेगळे असते. घरमालक जून ते सप्टेंबर दिवसाच्या भाड्याने पर्यटकांना घर देतात आणि ऑक्टोबर ते मे महिन्याच्या भाड्याने दीर्घ मुक्कामासाठी देतात. हे न जाणता एप्रिलमध्ये घर घेतले, तर ऐन जूनमध्ये बाहेर पडावे लागते. करारात शेवटची तारीख आणि मधल्या काळात भाडे वाढणार नाही ही अट लिहून घ्यावी. माँटेनेग्रोत पोहोचल्यावर राहण्याच्या पत्त्याची नोंद करणे सक्तीचे असते, ती घरमालक करणार की तुम्ही, हेही आधीच ठरवावे. माल्टातील जुनी दगडी घरे हिवाळ्यात आतून गार व ओलसर असतात, म्हणून तेथे घर पाहताना भिंतींच्या खालच्या कडा नीट पाहाव्यात.

घर कोठेही असो, पूर्ण रक्कम देण्याआधी घरमालकाला व्हिडिओ कॉल करावा आणि त्याच कॉलवर काम जिथे करणार त्या खोलीतून इंटरनेटचा वेग मोजून दाखवण्यास सांगावे, तोही संध्याकाळी आठच्या सुमारास, जेव्हा शेजारीपाजारी सगळे इंटरनेट वापरत असतात. डाऊनलोडचा आकडा सगळेच दाखवतात. तुम्ही अपलोडचा आकडा आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ, विचारावा, कारण बैठकीत तुमचा आवाज तुटतो तो अपलोडमुळे. वीज गेल्यावर राऊटर किती वेळ चालतो, पाण्याची टाकी आहे का, खिडकी कोणत्या दिशेला उघडते, हे प्रश्नही त्याच वेळी विचारावेत. मॉरिशसमध्ये कोरड्या महिन्यांत पाणी ठरावीक तासच येऊ शकते, त्यामुळे टाकीचा प्रश्न तेथे टाळू नये. पहिल्यांदा एका महिन्याचाच करार करावा आणि गाव पाहून पुढचा विचार करावा.

सातवी पायरी: पैसे, ओटीपी आणि विमा

परदेशात गेलेल्या भारतीयाला सर्वांत जास्त अडवतो तो बँकेचा ओटीपी. भारतीय सिम बंद पडले, की बँक खाते, प्राप्तिकराचे पोर्टल आणि आधारशी जोडलेले सगळे काम थांबते. निघण्याआधी त्या सिमवर रोमिंग सुरू आहे का, हे तपासावे, मुक्कामभर पुरेल असे रिचार्ज करावे आणि दोन सिम चालणारा फोन घ्यावा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली आहे, पण सगळ्या दुकानांत ती असेल असे धरून चालू नये.

भारतातून स्वतःसाठी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक आगाऊ कर कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकून राहतो.

विम्याबाबत एवढेच सांगतो, की व्हिसापुरता स्वस्तातला प्रवास विमा आणि खरा आरोग्य विमा यांत फरक असतो. पॉलिसीत दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे पाहावे, कारण लहान देशांत गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णाला शेजारच्या मोठ्या देशात न्यावे लागू शकते. दुचाकी चालवण्याचा विचार असेल, तर पॉलिसीत तो धोका धरलेला असावा आणि नागपूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा. मॉरिशस, माल्टा आणि बार्बाडोसमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात.

आठवी पायरी: नागपुरातली तयारी

कागदपत्रांना किमान तीन महिने द्यावेत. पासपोर्टची मुदत मुक्काम संपल्यानंतरही सहा महिने शिल्लक असावी, नसल्यास आधी नूतनीकरण करावे. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरातच असल्यामुळे हे काम आणि पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, दोन्ही येथूनच होते. अनेक देश हे प्रमाणपत्र अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का घेऊन, मागतात. त्याची मुदत मर्यादित धरली जाते, म्हणून ते फार आधी काढू नये. बोटांचे ठसे देण्यासाठी किंवा वकिलातीत जाण्यासाठी बहुतेक वेळा मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते, तो खर्च आणि रजा हिशेबात धरावी. मॉरिशसच्या बाबतीत अर्ज ऑनलाइन होतो आणि मुंबईहून थेट विमान आहे, हेही त्याच्या बाजूचे मुद्दे आहेत.

बँकेची गेल्या सहा महिन्यांची विवरणे, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, ग्राहकांचे करार किंवा कंपनीचे पत्र, भाडेकरार आणि विमा यांची एक पीडीएफ फाइल करून ठेवावी. बँकेच्या विवरणातील जमा रकमा आणि करारातील रकमा जुळत नसतील, तर एक पानाचे स्पष्टीकरण जोडावे. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून उसने घेऊन खाते फुगवणे टाळावे, कारण अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेत लगेच येते.

घरच्यांपैकी कोणाकडे तरी आपल्या बँकेची, विम्याची आणि घरमालकाची माहिती लिहून द्यावी. आई-वडील एकटे राहणार असतील, तर त्यांच्या औषधांची, महावितरणच्या बिलाची आणि महापालिकेच्या करभरणीची जबाबदारी कोण घेणार, हे नावानिशी ठरवूनच निघावे. गरज पडल्यास मर्यादित कामांसाठी मुखत्यारपत्र करून ठेवावे.

पोहोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात नवे मोठे काम हाती घेऊ नये. स्थानिक सिम घ्यावे, घरचे इंटरनेट बंद करून फोनच्या इंटरनेटवर एक पूर्ण दिवस काम चालते का ते पाहावे, जवळचे रुग्णालय प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. प्रवेशाचा शिक्का मारलेल्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण कराची दिवसमोजणी त्याच तारखेपासून होते. एक साधा तक्ता करून दोन्ही देशांतील दिवस लिहीत जावेत.

दुसऱ्या आठवड्यात सहकाऱ्यांना विचारावे, की बैठकीत आवाज नीट येतो का आणि उत्तरे वेळेवर मिळतात का. त्यांचे उत्तर समाधानकारक असेल, तर दुसऱ्या महिन्याचा भाडेकरार करावा. नसेल, तर आधी घर बदलावे, मग गाव, आणि तरीही जमत नसेल, तर परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे घ्यावी. व्हिसा वाढवायचा असल्यास त्याचा निर्णय मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी, तक्त्यातील दिवस मोजून आणि सीएला विचारून घ्यावा.